डाव्या तळव्यात नसलेला काटा

आधी माफी मागतो. मी डॉक्टर नाही आणि लेखकही नाही. नगरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार वाक्यं लिहिली की आपण जरा जास्तच बोलतोय का अशी शंका येते. पायाचं दुखणं ही लिहिण्यासारखी गोष्ट आहे का, हेही मला नीट ठाऊक नाही. पण मी आजारी होतो तेव्हा माझ्यासारखं आणखी कुणाला झालंय का, ते खूप शोधलं. मोबाईलवर एक तर मोठमोठे शब्द दिसायचे, नाहीतर तेलाच्या जाहिराती. 'मलाही असंच झालं होतं' असं साध्या मराठीत सांगणारं कुणी भेटलं नाही. ते एक वाक्य कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून धीर करतो.

आणखी एक सांगून ठेवतो. घरात आम्ही अर्धं दखनी आणि अर्धं मराठी बोलतो. इथं सगळं मराठीत लिहिलंय. अब्बांचं बोलणं त्यामुळे कुठं कुठं बदललं असेल. त्यांनी हे वाचायला सांगितलं तर मी ते सुधारून वाचीन.

*

आम्ही घोडेगावचे. माझे वडील नालबंद आहेत, म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकतात. डांबरी रस्त्यानं खूर झिजतो, म्हणून कारखान्याला ऊस वाहणाऱ्या बैलांना पत्र्या लागतातच. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. शुक्रवारी गावात जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवशी अब्बा पहाटेच लिंबाखालची आपली जागा धरायचे.

माझं सगळं लहानपण त्या लिंबाखाली गेलं. बैलाला दोरानं अलगद आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे आणि मग खूर तासायला घ्यायचा. मी बैलाच्या डोक्यापाशी बसून त्याच्या कपाळावर हात ठेवायचो. अब्बा खिळे तोंडात धरून बैलाशी बोलायचे, "झालं रं राजा, झालं, एकच राहिलाय." तो एकच कधी एकच नसायचा. शेजारी व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे आणि मला वाटायचं, हे लोक एकमेकांना गुदगुल्या करतायत.

मी तिथं कायम अनवाणी असायचो. चप्पल होती, पण बाजारात काढून ठेवायचो. डोळे मिटून चाललो तरी कुठं आहे ते कळायचं. चहाच्या टपरीपुढची गार ओल, कडब्याचा चुरा, बैलांच्या दावणीपाशी मऊ झालेली माती, आणि दुपारी तापलेला तो एक दगड, ज्यावरून आम्ही पोरं पैज लावून उभी राहायचो. आता हे लिहिताना त्या दगडाची आठवण तळव्यातच येते, डोक्यात नंतर.

अब्बांच्या कामातला एक शब्द इथं सांगितला पाहिजे. खुराचा बाहेरचा भाग नखासारखा मेलेला असतो, त्यात खिळा गेला तर बैलाला काही कळत नाही. आतला भाग जिवंत. त्याला नालबंद 'जीव' म्हणतात. खिळा आत वळला की म्हणायचं, 'जिवाला लागला'. मग बैल उठतो पण पाय टेकवत नाही, आणि नालबंदाची मान खाली जाते. अब्बांचा खिळा कधी जिवाला लागला नाही. बाजारात हे सगळ्यांना माहीत होतं. अब्बा स्वतः ते कधी बोलून दाखवत नसत, पण दुसरं कुणी बोललं की त्यांना आवडायचं.

*

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. डाव्या पायाच्या तळव्यात, अंगठ्याच्या खालच्या गादीपाशी, आग व्हायला लागली. आधी मुंग्या यायच्या, मग गरम तव्याला पाय लागल्यासारखं वाटायचं, आणि मधूनच एक करंट अंगठ्याच्या टोकापर्यंत जायचा. दिवसा चालताना कमी असायचं. अंथरुणात पडलं की वाढायचं. गोधडीचं वजनसुद्धा नको व्हायचं.

मी कुणाला सांगितलं नाही. उसाचा सीझन तोंडावर होता आणि अब्बांना मान वर करायला वेळ नव्हता. शेवटी अम्मीनं पाहिलं की मी पाय पाण्याच्या घमेल्यात घालून अभ्यासाला बसतो.

अब्बांनी माझा पाय मांडीवर घेतला, अगदी खूर घेतात तसा, आणि उजेडाकडं वळवला.

"काटा हाय," ते म्हणाले. "बाभळीचा. आत मोडून बसलाय."

"दिसत तर नाही."

"बैलाचा बी दिसत नसतो. बोल, कुठं?"

मी बोट ठेवलं. आमच्या घरात असं होणं साहजिक होतं. लंगडणारा बैल आला की अब्बा आधी खुरात काटा, खडा, मोडका खिळा शोधतात, आणि बहुतेक वेळा तो सापडतो. पायाचं दुखणं म्हणजे पायात काहीतरी घुसलेलं, याशिवाय दुसरं काही असू शकतं हे आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

त्यांनी सुई तापवून घेतली आणि हलक्या हातानं कातडी उकलली. काटा निघाला नाही. मग बिब्बा गरम करून त्याच्या तेलाचा चटका दिला, म्हणजे आतला काटा वर येईल. मी दात आवळून बसलो होतो, पण काहीच झालं नाही. चटका बसला ते मला नुसतं दिसलं.

"बघ," अब्बा खूश होऊन अम्मीला म्हणाले, "पोराला दुखलं बी न्हाई. हात कुणाचा हाय!"

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला फार वेळा आठवतं.

*

तिथं मोठा फोड आला आणि फुटला. जखम भरायला बरेच दिवस लागले. आतली आग तशीच.

मग गावाचं म्हणणं सुरू झालं. कुणी म्हणालं शुगर असेल. कुणी म्हणालं वात आहे, वांगं बंद करा. एक शेजारीण अम्मीला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "पायाला कळत नसलं तर ते मोठं दुखणं असतं बाई, चट्टे बघ अंगावर." तिला महारोग म्हणायचं होतं. अम्मीनं त्या दिवशी मला शर्ट काढायला लावून पाठ पाहिली आणि परत घालायला सांगितला.

एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" मी खरं ते सांगितलं, "दुखत नाही, आग होते." दुखणं म्हणजे ठणका, असं माझ्या डोक्यात. ते म्हणाले, अशक्तपणा आहे, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. यात त्यांची चूक होती असं मी म्हणत नाही. मला सांगता आलं नाही. हे वाचणाऱ्याला एवढंच सांगतो, की डॉक्टरसमोर शब्दाची लाज बाळगू नका. करंट म्हणा, मुंग्या म्हणा, तवा म्हणा, गोधडी सहन होत नाही म्हणा. जसं होतं तसं सगळं सांगा.

खरी गोष्ट मला मशिदीत कळली. थंडीचे दिवस होते. नमाजच्या आधी वजू करताना शेवटी पाय धुतात. नळाचं पाणी इतकं गार होतं की उजव्या पायावर घेताच मी आखडलो. मग डाव्यावर घेतलं. पायाच्या वरच्या बाजूला गार लागलं. तळव्याखाली हात फिरवला तर हाताला तळवा लागत होता, तळव्याला हात लागत नव्हता. मी परत परत पाणी घेत राहिलो. मागं उभ्या असलेल्या एकानं विचारलं, "काय रे, पायाला मेंदी लागलीय का?"

नमाजमध्ये बसताना डावा पाय दुमडून त्यावर बसतात. मला ते जमेना, म्हणून खुर्चीवर बसलो, म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत. नमाज संपून सलाम झाल्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, "इतक्या लवकर आमच्यात आलास? दात तरी पडू द्यायचेस." सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र मी घाबरलेलो होतो. आग होती तोपर्यंत मला राग येत होता. काहीच न कळणं हे वेगळंच होतं. अर्धा तळवा कुणीतरी नेल्यासारखं वाटत होतं.

*

नगरला एका मोठ्या दवाखान्यात गेलो. अब्बा बरोबर होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

डॉक्टर मॅडमनी फार वेळ दिला. कापूस लावून पाहिला, टाचणीचं टोक लावलं, अंगावर चट्टे आहेत का ते पाहिलं, हातापायाच्या नसा चाचपल्या. मग एक छोटी रबरी हातोडी काढली. अब्बा ती हातोडी निरखून बघत होते. मॅडमनी डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागं, टकटक केलं. दुसऱ्या ठोक्याला करंट सरळ माझ्या अंगठ्यात गेला आणि मी खुर्चीवरून उडालो.

"इथं आहे," त्या म्हणाल्या.

"पण आग तर तळव्यात होते," मी म्हणालो.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. तळव्याची खबर मेंदूकडं नेणारी नस या घोट्याच्या मागून, एका अरुंद जागेतून जाते. तिथं तिच्यावर एक घट्ट पट्टा असतो. माझ्या त्या जागेत एक गाठ वाढली असावी आणि नस दाबली जात असावी. मधल्या वाटेत दाबलं गेलं तरी मेंदूला वाटतं, तक्रार जिथून नस सुरू होते तिथूनच आली. म्हणून मला तळवा जळतोय असं वाटायचं. तळव्याला स्वतःला काहीच झालं नव्हतं.

"आग होतेय हे एका परीनं बरं," त्या म्हणाल्या. "नस ओरडतेय, म्हणजे जिवंत आहे. ती पूर्ण गप्प व्हायच्या आधी सोडवली पाहिजे."

मग त्यांनी तळवा नीट पाहिला. बिब्ब्याचा काळा डाग आणि सुईच्या खुणा होत्या.

"हे कुणी केलं?"

मी अब्बांकडं पाहिलं नाही.

"म्या," अब्बा म्हणाले.

"जखम भरली, नशीब समजा. बधिर पायाला चटका कधी द्यायचा नसतो, चाचा. त्याला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही."

त्या रागावल्या नव्हत्या.  त्या दिवशी मॅडम आणखी पुष्कळ बोलल्या, विजेची तपासणी, एमआरआय, गोळ्या. अब्बांना त्यातलं काय ऐकू आलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही. स्टँडवर येऊन एसटीत बसल्यावर त्यांनी माझी चप्पल उजव्या पायातली डाव्यात गेलीय का ते वाकून पाहिलं. तसं काही नव्हतं.

*

तपासण्यांत गाठ दिसली. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत गोळ्या होत्या. या गोळ्यांवरून आमच्या घरात पहिल्यांदा खरं भांडण झालं.

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या नसेच्या आगीवर फारशा चालत नाहीत, त्यासाठी वेगळ्या असतात. त्यानं झोप येते, तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड राहतं. मेडिकलवाल्यानं सहज सांगितलं की या फिटवरही देतात. अम्मीच्या डोक्यात ते बसलं. तिनं मला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि त्या जागी व्हिटॅमिनच्या ठेवल्या. मी दोन दिवस तळमळलो, चिडचिड केली, ताट ढकललं.

खरं कळल्यावर मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "डोक्याच्या गोळ्या खाऊन तू डोक्यानं जाशील, मग शिकून काय करशील?" तिच्या समजुतीप्रमाणे ती मला वाचवत होती. मी कॉलेजला गेलेला, पण मलाही तेव्हा नीट समजावता आलं नाही. मॅडमना फोन लावला. त्या अम्मीशी बोलल्या: अशा गोळ्या एकदम सोडू नयेत, एकच गोळी वेगवेगळ्या दुखण्यांवर चालते, मीठ जसं भाजीतही आणि लोणच्यातही. मिठाचं अम्मीला पटलं.

याच दिवसांत अब्बांनी काम थांबवलं. ऐन सीझनात. बाजारात जायचे, लिंबाखाली बसायचे, पण पत्र्या माझा चुलतभाऊ मारायचा आणि अब्बा त्याला खिळे द्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "कंबर धरलीय."

*

ऑपरेशन रमजानच्या महिन्यात आलं. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर खर्ड्याकडचे गहिनीनाथ बाबा होते. मोटरसायकलवरून पडून त्यांची मांडी मोडली होती. म्हातारी माणसं बरोबर असली की वॉर्ड गावासारखा होतो. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या आणि "पाय वर" म्हणायच्या. बाबा म्हणायचे, "आगं, माझा वरच टांगलाय."

अम्मीचे रोजे चालू होते. संध्याकाळी बाबा आपल्या मनगटावरचं घड्याळ बघून ओरडायचे, "वैनी, झालं बघा, सोडा रोजा!"

"अजून थोडं आहे, बाबा."

"माझं घड्याळ म्होरंच आस्तंय. बाजाराला उशीर नगं म्हनून म्याच म्होरं केलंय."

तरी रोज ते तसंच ओरडायचे, आणि अम्मी रोज पदराआड हसायची. मग त्यांच्या सुनेनं चिरून ठेवलेलं कलिंगड दोन्ही खाटांवर फिरायचं. त्या वॉर्डाची मला आठवण येते, हे सांगायला विचित्र वाटतं. तिथला डेटॉलचा वास आणि कलिंगडाचा वास अजून एकत्रच आठवतात.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. मी झोपलोय असं समजून बाबा अब्बांना विचारत होते.

"नालबंद हाय म्हन्ता, मंग सीझनात हितं बसून कसं चालतंय?"

"काम सोडलं."

"का वं?"

"हात गेला."

"हाताला तर काई झाल्यालं दिसत न्हाई."

 अब्बा म्हणाले, "उभ्या जन्मात बैलाच्या जिवाला लागलो न्हाई मी, बाबा. पोराच्या लागलो."

"डॉक्टरीन तसं म्हन्ली का?"

"म्हणाली न्हाई. पर मला दिसलं की. मी सुई घातली, बिब्बा लावला, आन् हा हसत बसलावता. तवाच मेला हुता पाय. मीच मारला."

मला उठून बसावंसं वाटलं. पण मी पडून राहिलो. 

संध्याकाळी मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी त्यांना हळूच सगळं सांगितलं. त्यांनी अब्बांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांचाच डावा मोजा काढायला लावला. अब्बा ओशाळले. मॅडमनी पेनानं त्यांच्या घोट्यामागून तळव्यापर्यंत रेघ काढली.

"ही नस. मुलाची दाबली गेलीय ती इथं वर. तुमची सुई होती इथं खाली, आणि ती कातडीच्या आत गेलीच नव्हती. बिब्ब्यानं कातडी भाजली, ती भरून आली. त्याचा पाय त्याच्या आधीच बधिर झालेला होता, म्हणून तर त्याला कळलं नाही. तुमच्यामुळे नाही झालं हे. पुन्हा मात्र करू नका."

"व्हय," अब्बा म्हणाले.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "बगा, आता सुटला का नाय जीव?"

अब्बा मोजा चढवत म्हणाले, "बाई लई चांगली हाय. मन राखून बोलली."

*

ऑपरेशनला कंबरेत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात दोन्ही पाय सारखेच परके झाले आणि मला उगीच बरं वाटलं, निदान आता दोघांत फरक नाही. पडद्यापलीकडं मॅडम आणि भूलतज्ज्ञ कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. गाठ साधी निघाली. पट्टा सोडवला. नस दबून चपटी झाली होती, पण अखंड होती, असं त्यांनी सांगितलं. आता ती जागी होणार की नाही आणि किती होणार, हे कुणालाच आधी सांगता येत नाही, हेही सांगितलं.

ईद घरीच झाली, पाय उशीवर ठेवून. शीरखुर्मा घेऊन आलेल्या प्रत्येकानं विचारलं, "झालं का बरं?" मी हो म्हणायचो. खरं म्हणजे पहिले काही आठवडे आग जास्तच झाली. हे होऊ शकतं असं मॅडमनी आधी सांगितलं होतं, म्हणून मी तग धरला. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो: मधल्या काळात वाढलं म्हणून लगेच सगळं फसलं असं समजू नका, डॉक्टरला विचारा. मला तसं झालं होतं.

मग आग हळूहळू उतरली. हे मोठं सुख होतं. अंगावर गोधडी घेऊन झोपता येतं याचं सुख मी अजून विसरलो नाही. पण तळवा गप्पच होता. अंगठ्याखालचा तेवढा भाग लाकडासारखा.

बधिर पायाची राखण करायला मी शिकलो. रोज संध्याकाळी आरशात तळवा बघायचा. चप्पल झटकून घालायची. अंघोळीचं पाणी आधी हातानं बघायचं. अनवाणी अजिबात फिरायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. उन्हाळ्यात मी एकदा बुटांसह बाजारात गेलो. तीच टपरी, तीच दावण. सगळं डोळ्यांना दिसत होतं आणि तरी मी कुठंतरी काचेमागं उभा असल्यासारखा होतो. लिंबाखाली चुलतभाऊ खूर तासत होता. अब्बा त्याला खिळे देत होते, एकेक करून. एक शेतकरी त्यांना म्हणाला, "चाचा, तुमीच मारा ना, माझा बैल नाजूक हाय." अब्बा म्हणाले, "पोरगं चांगलं मारतंय." आणि माझ्या बुटांकडं पाहिलं. माझा पाय जागा झाला का, हे ते कधी विचारत नसत. मी नगरला परतल्यावर रोज फोनवर फक्त म्हणायचे, "पाय बघितला का?" मी म्हणायचो, "बघितला." त्यात सगळं आलं.

पावसाळा गेला. तपासणीला गेलो की मॅडम म्हणायच्या, नस फार सावकाश वाढते, घाई करू नका. मी मनात ठरवायला लागलो होतो की राहिलं तर राहू दे असंच. आग गेली हेच खूप झालं. पण अब्बांना हे कसं सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

*

दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार. इतिहासाचा तास चालू होता. सर जमीन महसुलाच्या पद्धती सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. डाव्या बुटात काहीतरी झालं. मला वाटलं नेहमीची ठिणगी, तशा अधूनमधून यायच्या. पण ती येऊन जायची, ही राहिली. बारीक, हट्टी, एकाच जागी. मी पेन खाली ठेवलं. नाव सुचायला वेळ लागला, इतके दिवस ती आली नव्हती.

खाज येत होती.

मी सरांची परवानगी मागितली की नाही, आठवत नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसलो आणि बुटाला हात लावायच्या आधी अब्बांना फोन लावला. मागं बाजाराचा गोंगाट होता.

"काय झालं? पडला का?"

"नाही अब्बा. खाज येतेय."

"काय येतेय? मोठ्यानं बोल."

"खाज! डाव्या तळव्याला."

"कुठं?"

"अंगठ्याखाली. बिब्बा लावला होता, तिथंच."

अब्बांनी तिथल्या कुणाला तरी जरा थांब म्हटलं. 

"खाजवलंस?" अब्बांनी विचारलं.

"नाही अजून. आधी तुम्हाला फोन केला."

"अरं मग खाजव की, येड्या!"

आणि मग फोनपासून लांब, कुणाला तरी, फार मोठ्या आवाजात, "पोराच्या पायाला खाज सुटली!"

"मग आंघोळ घाल म्हणावं त्याला, चाचा," कुणीतरी म्हणालं आणि बरेच जण हसले.

"हसा. कळायला लागलं त्याला. पायाला कळतंय!"

फोन बंद करायचं ते विसरले. मी बूट काढला, मोजा काढला आणि पायरीवर बसून खाजवत राहिलो. कळत होतं. अर्धवट, जाड कापडाआडून कळावं तसं, पण माझंच नख, माझ्याच तळव्याला. खिशात ठेवलेल्या फोनमधून घुंगरं, हंबरणं, सौद्यांची घासाघीस येत होती. मग अब्बांचा आवाज परत जवळ आला. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"तुमची जोडी कुठं बांधलीय? त्या नाजूक बैलाला आणा इकडं. ए पोरा, सरक जरा. हातोडी दे."